२५१ ला थांबलो: पटावरच्या दाण्यांच्या आकड्याचे अवयव

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत राहून बुद्धिबळापासून लांब राहीन म्हटलं तरी जमत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी गावाला लावलेला नाद आहे तो, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या पटांवर कितीक पोरं घडली. आमची नात अकरा वर्षांची, तीही दिवाळीपासून क्लासला जाते. तिथल्या सरांनी परवा ती जुनी गोष्ट सांगितली: पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुपटीनं चौसष्टाव्या घरापर्यंत. एकूण दाणे किती? सर आकडा लिहून मोकळे झाले:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात, वजा एक. (इथं घात वर चढवून लिहिता येत नाही, म्हणून पुढं २^६४ − १ लिहितो.)

नात घरी येऊन म्हणाली, "आबा, ही मूळ संख्या आहे का?" शेवटी ५ आहे म्हणजे नाही, संयुक्त आहे, हे मी ऐटीत सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग पूर्ण फोडून द्या. कॅल्क्युलेटर नाही वापरायचा." इथं फसलो.

अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नं भाग जातो, ९ नं जात नाही. ५ नं जातो. १७ नंही गेला. तिन्ही काढल्यावर उरतात ७२,३४,०१,७२,८३,८०,७६,६७३. या सतरा अंकी धोंड्याला मी रोज संध्याकाळी चहानंतर एकेका मूळ संख्येनं भागत बसलो. ७, ११, १३ करत करत २५१ पर्यंत आलो. कशानंही भाग जात नाही. बँकेत आयुष्य आकडेमोडीत गेलं तरी एवढे भागाकार कधी केले नव्हते. माझा अंदाज, हा उरलेला आकडा मूळच असणार. कोणी खात्री करून देईल का?

भडंगप्रेमी

काका कशाला वह्या भरताय! एक्सेलमध्ये २^६४ − १ टाकलं, दोन सेकंदांत उत्तर: १८४४६७४४०७३७०९६०००००. शेवटी पाच शून्यं आहेत. म्हणजे २ नं, १० नं, लाखानं, सगळ्यांनी भाग जातो. तुमच्या सरांचाच आकडा चुकलाय.

पलूसचा_पोरगा

भडंगप्रेमी, दोनाला कितीही वेळा दुप्पट करा, सम संख्याच येणार. तिच्यातून एक काढला की विषम. मग २ नं भाग कसा जाईल भावा? एक्सेल पंधराच अंक खरे ठेवतो, पुढच्या जागी शून्यं भरतो. सरांचा आकडा बरोबर आहे. आम्हा कोडवाल्यांना तर तो तोंडपाठ असतो. ६४ बिटांत ऋण चिन्ह ठेवायचं नसेल तर मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच.

विश्रामबागकर काका, तुमच्यासाठी मात्र बातमी वाईट आहे. २५१ च्या पुढची मूळ संख्या २५७. तिनं भाग जातो.

विश्रामबागकर

अरे देवा.

भडंगप्रेमी

🙏 शून्यं मागे घेतो.

विश्रामबागकर

आत्ता भागून पाहिलं. जातो! २८,१४,७९,२७,१७,४३,४८९ उरतात. एका भागाकारासाठी थांबलो होतो. नात हसतेय. पण पोरा, तुला २५७ कसं कळलं? यंत्राला विचारलंस की काही युक्ती आहे?

मिरजेचे_मास्तर

युक्ती आठवीच्या पुस्तकातलीच आहे हो. अ² − १ = (अ − १)(अ + १). पोरं परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात.

२^६४ हा २^३२ चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

आता २^३२ − १ पुन्हा तसाच फोडा, त्यातला २^१६ − १ पुन्हा फोडा. कांद्याची सालं काढल्यागत खाली येत जा. शेवटी हातात राहतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४,२९,४९,६७,२९७

प्रत्येक संख्या दोनाच्या कुठल्यातरी घातात एक मिळवून झालेली: २+१, ४+१, १६+१, २५६+१, ६५५३६+१, आणि शेवटची २^३२ + १. एकही भागाकार न करता वीस अंकांची संख्या सहा तुकड्यांत आली. काका, तुमच्या भागाकारांची मला कदर आहे, पण हत्यार न्हाव्याचं आणि काम लाकूडतोड्याचं असं झालं ते.

दोनाचा चौसष्टावा घात काढायलाही चौसष्ट वेळा दुप्पट करत बसू नका. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) रीत दिलीय: घातांक सम असेल तर निम्मा करा आणि 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक कमी करा आणि 'गुण' लिहा. मग उलट्या क्रमानं हिशेब करत या. ६४ ला सहा वर्ग आणि एक गुण, बस्स. २, ४, १६, २५६, ६५५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि मग आपला आकडा. त्याच प्रकरणात दुपटीचं गणितही आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो. एकूण २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात. म्हणजे त्या काळच्या नाण्यांत १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या.

सातारी_तडका

सांगलीकरांना पाऊस नसला की असली कामं सुचतात 😄 राजवाड्यावर या, कंदी पेढा खा, डोकं शांत होईल. बाकी एक शंका: ती शेवटची ४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे का? आधीच्या पाचही मूळ दिसतायत, म्हणून विचारलं.

मिरजेचे_मास्तर

सातारकर, थट्टेत का होईना, नेमकं बोट ठेवलंत. याच प्रश्नावर फर्मा हा फ्रेंच गणिती फसला होता. १६४० च्या सुमारास त्यानं या संख्या पाहिल्या. ३, ५, १७, २५७, ६५५३७ सगळ्या मूळ. त्याला वाटलं पुढच्याही असणार. सिद्धता दिली नाही. ९२ वर्षांनी, १७३२ मध्ये, ऑयलर या स्विस गणितीनं दाखवलं की २^३२ + १ ला ६४१ नं भाग जातो:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

हे दोन्ही मूळ आहेत. म्हणजे काका, तुमच्या आकड्याचे मूळ अवयव एकूण सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७,००,४१७. एकही दोनदा येत नाही. त्यामुळे विभाजक मोजायचे तर २ चा सातवा घात, १२८.

ऑयलर तुमच्यासारखा ओळीनं भागत बसला नाही. त्यानं आधी सिद्ध केलं की २^३२ + १ चा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याला सापडला! चौसष्ट घरांच्या पटाचं गणित आणि चाळणीचं भोकही चौसष्टाचंच.

६४१ ची सिद्धता तर नातीलाही कळेल. ६४१ दोन प्रकारे लिहा: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ (म्हणजे ५^४ + २^४). आता ६४१ नं भागल्यावर बाकी काय राहते तेवढंच बघायचं. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी +१. दुसऱ्यावरून ५^४ ऐवजी −२^४ घालता येतं. म्हणजे −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं.

विश्रामबागकर

मास्तर, ही सिद्धता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली. तिसऱ्यांदा वाचल्यावर कळली. नातीला दुसऱ्यांदा.

जतची_जोंधळी

मी गणितातली नाही, पण दाण्यांचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. गोष्टीत गहू किंवा तांदूळ असतो, आमच्याकडं दाणा म्हटलं की जोंधळा. काल दुकानातल्या काट्यावर शाळूचे हजार दाणे मोजून टाकले, ३५ ग्रॅम भरले. (मोजायला दोन्ही पोरांना बसवलं, तेवढाच मोबाईल बाजूला.) त्या हिशेबानं पूर्ण पटाचा जोंधळा साधारण ६४,५६० कोटी टन होतो. आपल्या देशात सगळं धान्य मिळून २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या आसपास पिकलं. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांचं पीक. दहा टनी ट्रक लावले आणि एका ट्रकला दहा मीटर जागा धरली, तर मार्केट यार्डातून निघालेली रांग सूर्याला दोनदा जाऊन दोनदा परत येईल आणि तरी ट्रक उरतील. हमाली कोण देणार ते राजानं बघावं.

पलूसचा_पोरगा

ताई, नाद खुळा 🙏

रेघोट्या

चित्रकलेची शिक्षिका आहे, म्हणून माझं अर्ध्या पटाचं सांगते. पहिल्या बत्तीस घरांतले दाणे ४,२९,४९,६७,२९५. ते म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, फक्त फर्माच्या त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सुसम बहुभुज काढायचा असेल, तर विषम बाजूंच्या बाबतीत याच पाचांतल्या एकेकीनं किंवा त्यांच्या गुणाकारांनी चालतं. वीस वर्षांचाही नसलेल्या गाऊसनं १७९६ मध्ये १७ बाजूंचा बहुभुज असा काढता येतो हे दाखवलं, तिथून ही वाट सुरू झाली. आजवर माहीत असलेली अशी सर्वांत मोठी विषम बाजूसंख्या कुठली? आपल्या अर्ध्या पटाची बेरीज! तेहेतिसाव्या घरात पाऊल टाकलं की हे सगळं बिघडतं.

अवांतर: हेर्मेस नावाच्या जर्मन माणसानं ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढायला दहा वर्षं घालवली. ते बाड एका पेटीत ग्यॉटिंगेनला ठेवलंय. आमच्या वर्गात षटकोन काढतानाच कंपासचं टोक मोडतं.

पटावरचा_उंट

धागा उशिरा पाहिला. पोरांना खेळ शिकवतो, म्हणून मी पट मांडून बसलो. ए१ पहिलं घर, एच१ आठवं, मग दुसरी ओळ ए२ पासून, असं मोजायचं. प्रत्येक घरापर्यंतची बेरीज मूळ आहे का बघत गेलो (यादी आयती मिळाली, खोटं कशाला बोलू). चौसष्टांत नऊच घरं निघतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१.

आता गंमत बघा. पाचवं घर म्हणजे ई१, पांढऱ्या राजाचं. तेरावं ई२, त्याच्याच पुढचं प्यादं. आणि शेवटचं, एकसष्टावं, ई८. काळ्या राजाचं घर! तिथपर्यंतचे दाणे २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, आणि ही मूळ संख्या आहे. १८८३ साली पेर्वुशिन नावाच्या रशियन पाद्र्यानं हे दाखवलं. काळ्या राजापर्यंत फुटत नाही ती बेरीज पुढं तीन घरांत सात तुकडे होऊन पडते.

मास्तर, तुमच्या भास्कराचार्यांचं उत्तरही इथं सापडलं. एकतिसाव्या घरापर्यंतची बेरीज २,१४,७४,८३,६४७. त्यांच्या कवड्यांपेक्षा बरोबर एक जास्त. ही मूळ असल्याचं ऑयलरनं १७७२ मध्ये सिद्ध केलं.

ग्रहगोल

दोन्ही राजे मूळ संख्यांवर! ६१ = ६ + १ = ७, आणि अवयवही सात. याला निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांची कीव येते. प्राचीनांना हे ठाऊक असल्याशिवाय राजा तिथं ठेवला नसता.

पटावरचा_उंट

ग्रहगोल, मोजणी एच१ पासून उलटी सुरू केली की पाचव्या घरावर वजीर येतो. तुमचा योग लगेच पक्ष बदलतो.

आणि घराचा क्रमांक मूळ असला की बेरीजही मूळ, असं समजू नका. क्लासातली पोरं हमखास तिथंच घसरतात. अकराव्या घरापर्यंत २०४७ दाणे, म्हणजे २३ × ८९. क्रमांक संयुक्त असला तर मात्र बेरीज संयुक्तच, त्याला अपवाद नाही.

पटाला आणखी तीन घरं असती तर? ६७ मूळ आहे. बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही मूळ आहे असं मर्सेननं १६४४ मध्ये लिहून ठेवलं होतं. ती मूळ नाही हे ल्यूकानं १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव एकही न देता. मग ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचा माणूस फळ्यापाशी गेला. एका बाजूला २^६७ − १ काढलं. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार हातानं केला. दोन्ही उत्तरं जुळली. एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला, आणि टाळ्या पडल्या. तीन वर्षांचे रविवार त्यात घातले, असं त्यानं सांगितल्याची आख्यायिका आहे.

सातारी_तडका

थांबा थांबा. "मूळ नाही हे दाखवलं, पण अवयव एकही न देता" हे कसं काय बुवा? चोरी झाली हे सिद्ध, पण चोर नाही, मुद्देमाल नाही?

मिरजेचे_मास्तर

पुन्हा बरोबर बोट! पेढ्याचा गुण दिसतोय.

मूळ संख्यांना काही नियम कधीच मोडता येत नाहीत. एखादी संख्या तो नियम मोडताना सापडली की ती मूळ नाही, एवढं पक्कं. तिचे तुकडे कुठले हे त्यातून कळत नाही. फर्माच्या संख्यांसाठी पेपँची १८७७ ची कसोटी आहे. ३ घ्या, वर्ग करा, त्या मोठ्या संख्येनं भागून बाकी ठेवा, बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी. ठरावीक पायऱ्यांनंतर बाकी बरोबर 'त्या संख्येपेक्षा एक कमी' आली तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर संयुक्त. १७ वर करून बघा: ३ चा वर्ग ९; ९ चा वर्ग ८१, बाकी १३; १३ चा वर्ग १६९, बाकी १६. सतरापेक्षा एक कमी, म्हणून १७ मूळ.

पलूसचा_पोरगा

याच रीतीनं १९९९ मध्ये फर्माची चोविसावी संख्या संयुक्त ठरली (मोजणी शून्यापासून, ३ ही शून्यावी). ती म्हणजे २ चा (२^२४) वा घात, अधिक एक. अंक ५०,५०,४४६. एका पानावर हजार अंक धरले तर काकांच्या दोनशे पानी पंचवीस वह्या नुसत्या ती उतरवायलाच भरतील. वर्गांच्या पायऱ्या १,६७,७७,२१५. भास्कराचार्यांचं तेच 'वर्ग, वर्ग, वर्ग', फक्त दर पायरीला बाकी ठेवायची. ती मूळ नाही हे नक्की, आणि आजतागायत तिचा एकही अवयव कोणाच्या हाती लागलेला नाही. विसाव्या संख्येचीही तीच गत.

जतची_जोंधळी

एवढं अवघड करून का सांगताय? जोंधळा पाखडताना सुपाच्या आवाजावरून कळतं आत खडा आहे म्हणून. तो हाताला लागायला मग अख्खं सूप निवडावं लागतं.

मिरजेचे_मास्तर

ताई, तीस वर्षं शिकवलं, हे सुचलं नाही. उद्यापासून माझं म्हणून वापरणार.

विश्रामबागकर

आठ दिवसांनी येतोय. सातही अवयव नातीनं वहीत लिहिले आणि सगळ्यांचा गुणाकार करून पुन्हा सरांच्या आकड्यावर आली. एकदा हातचा चुकला होता, रडारड झाली. आता तिचा नवा हट्ट: वजा एक झालं, आता अधिक एक. २^६४ + १ फोडायचं. मास्तर, मी पुन्हा २५१ पर्यंत भागत बसू का?

मिरजेचे_मास्तर

अजिबात नको. ही फर्माची सहावी संख्या. हिच्यासाठी चाळणी आणखी बारीक आहे: मूळ अवयव २५६ च्या पटीत एक मिळवूनच येणार. म्हणजे २५६ × क + १, आणि क = १, २, ३ असं पुढं जायचं. त्यातही क = १ ची २५७ आणि क = २५६ ची ६५५३७ गाळा, कारण त्या २^६४ − १ च्या अवयवांत आहेत. शेजारच्या या दोन संख्यांत फरक दोनाचा आणि दोन्ही विषम, मग सामाईक अवयव कुठून असणार? ३, ५, ७ नं जाणारेही बघून गाळत जा, काम बरंच हलकं होतं.

उत्तर सांगत नाही. दोन मूळ अवयव आहेत, एक सहा अंकी, दुसरा चौदा अंकी. फ्रान्सच्या लॅन्ड्रीनं १८८० मध्ये ते छापले तेव्हा तो ८२ वर्षांचा होता.

विश्रामबागकर

मी एकाहत्तर. म्हणजे अकरा वर्षं हातात आहेत. भागाकार नातीकडं, पडताळणी माझ्याकडं अशी वाटणी झाली. आज क = ३८ झाला. तिनं बजावलंय की धाग्यावर कोणी उत्तर लिहायचं नाही. खास करून भडंगप्रेमींनी.

भडंगप्रेमी

काका निर्धास्त राहा. एक्सेलमध्ये टाकलं होतं. तो म्हणतो १८४४६७४४०७३७०९६०००००. वजा एकला पण हेच म्हणाला होता.